अंतुराचे अनाथालय

अर्मेनियन नरसंहाराची आपल्याला माहिती असते ती आकड्यांतून. एप्रिल १९१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमधील अर्मेनियन लेखक-पुढाऱ्यांची धरपकड झाली, मग अनातोलियातली गावेच्या गावे सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली, लाखो माणसे मेली. मला आज फक्त एका इमारतीविषयी सांगायचे आहे.

बैरूतच्या उत्तरेला डोंगरात अंतुरा नावाचे गाव आहे. तिथल्या फ्रेंच पाद्र्यांच्या विद्यालयात तुर्की सेनापती जमाल पाशाने महायुद्धाच्या काळात अनाथालय काढले. सुमारे १००० अर्मेनियन आणि २०० कुर्द मुले तिथे आणली. लक्षात घ्या, ही जागा मुलांना मारण्यासाठी नव्हती. त्यांना तुर्क करण्यासाठी होती. मुलांची सुंता केली, प्रत्येकाला क्रमांक दिला, नाव बदलले. हारुत्युनचा हमीद झाला, बोगोसचा बकीर. आद्याक्षर तेवढे राहिले! अर्मेनियन बोलताना सापडले की तळपायांवर छड्या.

आम्हा डॉक्टरांच्या केसपेपरवर पहिली ओळ नावाची असते, तक्रार नंतर. म्हणून या नोंदी वाचताना मी क्रमांकापाशीच अडखळलो.

गुरीन गावचा कार्निग पानियन घर सुटले तेव्हा पाच वर्षांचा होता. आई हमाजवळच्या छावणीत गेली. आजी-आजोबांनी निदान हा तरी जगावा म्हणून त्याला अनाथालयात घातले. तिथून तो अंतुराला आला. उपासमार अशी की मेलेल्यांची हाडे कुटून मुलांनी पेजेत घातल्याचे त्याने आठवणींत लिहिले आहे. भूक आणि साथींनी तिथे सुमारे ३०० मुले दगावली.

या संस्थेच्या कारभारात तुर्की लेखिका हलिदे एदिब होत्या. याच बाई १९३५ मध्ये दिल्लीला जामिया मिलियात व्याख्याने द्यायला आल्या आणि आपल्याकडे त्यांचे मोठे कौतुक झाले. नावे बदलण्याला आपला विरोध होता, असे त्यांनी नंतर लिहिले. असेलही, पण कारभार त्यांनी स्वीकारलाच होता.

१९१८ च्या शरद ऋतूत तुर्क निघून गेले आणि अमेरिकन मदतकार्यकर्ते आले. मुलांनी आपली जुनी नावे पुन्हा घेतली. फार लहान होती त्यांची पंचाईत. त्यांना घरचे नाव आठवतच नव्हते. मराठी मुलुखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणांस मुलांच्या तोंडची भाषा सुटण्याची धास्ती ठाऊक आहे. पण आपली सुटली तर हळूहळू सुटते, छडीने नव्हे. ही तुलना तेवढ्यावरच थांबवावी.

कार्निग पुढे बैरूतच्या अर्मेनियन विद्यालयात शिक्षक झाला, मग उपप्राचार्य. १९८९ मध्ये तो वारला. त्याच्या आठवणी त्याने अर्मेनियन भाषेतच लिहिल्या.