छताखालचं छत : ग्रीड बसवायचं की जिप्सम?



बचत, कर्ज, पापड-मसाले यांवर आपण नेहमीच बोलतो. आज जरा डोकं वर करून बघू या. आज बोलायचंय छताखालच्या छताबद्दल, म्हणजे ज्याला सगळे फॉल्स सीलिंग म्हणतात त्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या लोकांचं काम, आपला काय संबंध? पण आता आपल्या गटांकडे विक्री केंद्रं आली, मसाला युनिट आली, कुणाचं उपाहारगृह आहे, कुणाचं शिवणकामाचं प्रशिक्षण चालतं. गाळा ताब्यात आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वरून सीलिंग करून घेऊ, बरं दिसेल." मग मिस्त्री विचारतो, "ताई, ग्रीड करायचं की जिप्सम?" आणि आपण एकमेकींच्या तोंडाकडे बघतो.

आम्हीही तसंच बघितलं होतं. आमच्या गटाचं विक्री केंद्र पत्र्याच्या गाळ्यात आहे. उन्हाळ्यात आत बसवत नव्हतं, लोणच्याच्या बरण्या हाताला गरम लागायच्या. ठेकेदाराने जिप्समचं सीलिंग सुचवलं. तालुक्याच्या दुकानात असतं तसं गुळगुळीत, पांढरंशुभ्र. आम्ही हो म्हणालो. एप्रिलमध्ये काम झालं. जुलैमध्ये एका कोपऱ्यात भाकरीएवढा पिवळा डाग पडला. आम्ही त्यावर रंग मारला. आठवड्याने तिथे पोट सुटल्यासारखा फुगवटा आला. आणि एके दिवशी सकाळी सचिव वहिनींनी शटर उघडलं, तर बोर्डाचा मोठा तुकडा मांडणीवर पडलेला, खाली मसाल्याची पाकिटं भिजलेली. रात्रीची वेळ होती म्हणून कुणाच्या डोक्यात पडला नाही, एवढंच नशीब.

ठेकेदार म्हणाला, "पत्रा गळतो त्याला मी काय करू?" त्याचं अर्धं बरोबर होतं. पत्रा गळतो का, हे त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. सीलिंग गेलं, पण त्याच्या कर्जाचे हप्ते पुढे दहा महिने चालू राहिले. म्हणून आज हे सविस्तर सांगते. तुमचे हप्ते तरी असे वाया जाऊ नयेत.

आधी दोन्ही प्रकार समजून घेऊ.

ग्रीड सीलिंग म्हणजे चौकटींचं छत. वरून तारा किंवा सळ्या सोडतात, त्यांना उलट्या टी आकाराच्या लोखंडी पट्ट्या अडकवतात. पट्ट्यांचे दोन फूट बाय दोन फुटांचे चौकोन तयार होतात आणि त्यात टाइल नुसती वरून ठेवतात. बँकेत, दवाखान्यात वर चौकोन चौकोन दिसतात ना, तेच हे. टाइल हाताने उचलली की निघते, ठेवली की बसते.

जिप्सम सीलिंग म्हणजे सलग छत. वर जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करतात आणि त्याला खालून जिप्समचे बोर्ड स्क्रूने आवळतात. बोर्ड साधारण साडेबारा मिलिमीटर जाड असतो, दोन्ही बाजूंनी कागद आणि मधे जिप्सम. सहा बाय चारचा एक बोर्ड १५ ते २० किलोचा भरतो. सांध्यांवर पट्टी चिकटवून वरून लांबी भरतात, घासतात, मग रंग देतात. सांधा कुठे आहे ते कळतही नाही. दिसायला हेच छान, यात वाद नाही.

मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक पाण्याचा. बोर्ड भिजला की कागद सुटतो, आतलं जिप्सम मऊ पडतं आणि बोर्ड स्वतःच्याच वजनाने लोंबतो. हिरव्या कागदाचा बोर्ड मिळतो, तो दमट हवेला टिकतो. पण दमट हवा वेगळी आणि गळणारं पाणी वेगळं. गळतीपुढे तोही हरतो. ग्रीडची टाइलसुद्धा भिजली की खराब होते, पण तेवढीच एक बदलायची, पाच मिनिटांचं काम. बोर्ड बदलायचा तर कापा, जोडा, घासा आणि ठिगळ दिसू नये म्हणून सगळ्या छताला पुन्हा रंग द्या.

दुसरा फरक वर बघण्याचा. छतावर वायरी जातात, कधी पाण्याची पाइप जाते. उंदीर, घूस, पाल हे बिनभाड्याचे भाडेकरूही तिथेच राहतात. ग्रीडमध्ये टाइल उचलून बॅटरीने कुठेही बघता येतं. जिप्सममध्ये दोन फुटांचं उघडणारं झाकण आधीच ठेवून घ्यावं लागतं. ते सांगितलं नाही, तर कुणी ठेवत नाही.

तिसरा फरक धुळीचा आणि वाऱ्याचा. इथे जिप्सम पुढे आहे. ते बंद छत, पत्र्यावरची धूळ खाली येत नाही आणि एसी असेल तर गारवा वर निसटत नाही. ग्रीडच्या फटींतून थोडी धूळ येते. शटर उघडं असताना जोराचा वारा आला, तर हलक्या टाइल उडी मारतात. त्यावर टाइल दाबून धरणाऱ्या क्लिपा मिळतात, त्या मागून घ्या.

चौथा फरक जागा कुणाची याचा. गाळा भाड्याचा असेल, तर उद्या सोडताना ग्रीडच्या टाइल आणि बऱ्याचशा पट्ट्या काढून नेता येतात. जिप्सम तिथेच सोडून यावं लागतं.

आता ग्रीड घ्यायचं ठरलं, तरी टाइल कोणती हा प्रश्न उरतोच. मिनरल फायबरची टाइल आवाज शोषते. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये वीस बायका एकदम बोलायला लागल्या की तिचा उपयोग कळतो. पण तिला ओल चालत नाही आणि तिचे बारीक कण गळू शकतात. मसाला किंवा लोणच्याच्या खोलीत ती नको. जिप्समची टाइलही मिळते, तिच्या खालच्या बाजूला प्लास्टिकचा पापुद्रा असतो. ती ओल्या फडक्याने पुसता येते. पीव्हीसीची टाइल पाण्याला घाबरत नाही, पण आगीत तिचा धूर फार वाईट, म्हणून चुलीच्या, भट्टीच्या वर लावू नका. धातूची टाइल धुता येते, टिकते, पण महाग पडते.

खाद्यपदार्थ करणाऱ्या मैत्रिणींनी एक ध्यानात ठेवावं. अन्न परवान्याच्या २०११ च्या नियमांत छताचाही विषय आहे. वर घाण साचू नये, वाफेचं पाणी धरून टपकू नये, कण गळून अन्नात पडू नयेत, असं छत हवं. तपासणीला आलेले साहेब वर बघतात ते उगाच नाही. जिथे वाफ आहे तिथे धुराडं किंवा वाफ बाहेर काढणारा पंखा आधी, सीलिंग नंतर.

आणि थर्माकोलचं सीलिंग कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला, तर हात जोडा. थर्माकोल पेट घेतो, वितळतो आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. जिप्सम मात्र पेटत नाही. त्याच्या वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा आत बांधलेलं पाणी असतं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन निघतं, त्यामुळे आग वर जायला वेळ लागतो. जीव वाचवून बाहेर पडायला तेवढा वेळ मोलाचा असतो.

मग निवडायचं कसं? मी आता गटांना असं सांगते. वर पत्रा आहे, गळतीची थोडीही शंका आहे, वायरिंग वाढत जाणार आहे किंवा जागा भाड्याची आहे, तर ग्रीड. वर पक्का स्लॅब आहे, गळत नाही, जागा आपली आहे आणि दिसणं महत्त्वाचं आहे, जसं ब्यूटी पार्लर किंवा साड्यांचं दुकान, तर जिप्सम. दोन्ही एकत्रही करता येतं. दर्शनी भागात जिप्सम आणि मागे गोदामात ग्रीड. आणि गोदामात सीलिंग नसलं तरी बिघडत नाही, हेही उत्तरच आहे.

उकाड्यासाठी करत असाल, तर एक खरं सांगते. नुसत्या सीलिंगने ऊन थोडं अडतं, पण पत्रा आणि सीलिंग यांच्या मधली गरम हवा बाहेर जायला वाट हवी. दोन्ही बाजूंना जाळी लावलेल्या खिडक्या ठेवा आणि पत्र्याला बाहेरून पांढरा रंग द्या. कमी पैशात पुष्कळ फरक पडतो. आम्ही हे नंतर केलं, आधी करायला हवं होतं.

वर सिमेंटचा जुना पत्रा असेल, तर त्याला भोक पाडू देऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि पुढे कॅन्सरपर्यंत नेऊ शकते. सीलिंग भिंतीच्या किंवा लोखंडी अँगलच्या आधाराने टांगायला सांगा.

आता हिशोब. भाव चौरस फुटावर असतो. पंधरा बाय वीसची खोली म्हणजे ३०० चौरस फूट. एक टाइल चार चौरस फुटांची, म्हणजे ७५ टाइल. पण मिस्त्री ८० लिहील. ती फसवणूक नाही. पंधरा फुटांना दोनने भाग जात नाही. मधे पूर्ण टाइलच्या सहा ओळी आणि दोन्ही कडांना दीड-दीड फुटाच्या कापलेल्या ओळी, अशा आठ ओळी होतात. वीस फुटांत प्रत्येक ओळीला दहा टाइल, म्हणजे ऐंशी. वर पाच-सहा जास्तीच्या घेऊन ठेवा. दोन वर्षांनी तीच नक्षी मिळेलच असं नाही.

दरपत्रक तीन जणांकडून घ्या आणि तिघांना एकच प्रश्न विचारा : या भावात मजुरी, रंग, दिव्यांची भोकं आणि पहाड धरलाय का? नाहीतर स्वस्त वाटलेलं शेवटी महाग पडतं.

काम चालू असताना एक जण टेप घेऊन तिथे थांबा. जिप्सममध्ये ज्या पट्ट्यांना बोर्ड लागतो, त्या दीड-दीड फुटावर हव्यात आणि स्क्रू साधारण नऊ इंचांवर. ग्रीडमध्ये मुख्य पट्ट्या चार फुटांवर आणि टांगणीच्या ताराही चार फुटांवर. मिस्त्री म्हणेल, "ताई, तुम्ही नका काळजी करू." आपण हसायचं आणि मोजायचं. सांगाडा झाकला गेला की मग काही दिसत नाही, म्हणून पैशांचा मधला हप्ता सांगाडा मोजल्यावरच द्या.

पंखा सीलिंगला कधीच लटकवू नका. त्याचा हूक वर स्लॅबमध्ये किंवा लोखंडी पाइपला हवा, दांडी सीलिंगमधून खाली यायची. ग्रीडमध्ये दोन बाय दोनचा एलईडी दिवा टाइलच्या जागी बरोबर बसतो, पण त्यालाही वरून वेगळी तार बांधून घ्या. वायरी पाइपमधूनच न्यायच्या. उघडे जोड उंदराच्या दाताला सापडले की काय होतं, ते सांगायला नको.

आणि सगळ्यात आधी काय करायचं? पावसात आत उभं राहून वर बघायचं. पाऊस नसेल, तर एकीने पत्र्यावर पाण्याचा पाइप सोडायचा आणि दुसरीने आत थांबायचं. जिथे थेंब पडेल तिथे खडूने खूण करायची. गळती बंद झाल्याशिवाय सीलिंगचा ॲडव्हान्स द्यायचा नाही. आम्ही दुसऱ्यांदा हे सगळं केलं, मग ग्रीड बसवलं. मागच्या पावसात एक टाइल पिवळी पडली. अध्यक्ष काकूंनी स्टुलावर चढून ती काढली, वर पत्र्याचा एक स्क्रू ढिला सापडला. तो आवळला, नवी टाइल ठेवली आणि काकू पुन्हा गल्ल्यावर येऊन बसल्या.

तुमच्या गटात असं काम निघालं असेल, तर पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि टेप कोण धरणार तेही तेव्हाच ठरवा.