पोटभर हेच माप

स्वारगेटला एसटीतून उतरणाऱ्या माणसाला आधी भूक लागलेली असते, मग त्याला पुणे दिसतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या सगळ्या बाजूंच्या गाड्या इथे लागतात. पहाटे घर सोडलेला माणूस दुपारी जेधे चौकात उभा राहतो तेव्हा त्याला काहीतरी खायचं नसतं, जेवायचं असतं. खाणं आणि जेवणं हा फरक आपल्या भाषेत पक्का आहे. वडापाव खातात, मिसळ खातात. जेवण म्हणजे चपाती नाहीतर भाकरी, भाजी, आमटी आणि शेवटी भात. भात झाला नाही तर जेवण झालं असं आमच्या घरी कुणी म्हणत नसे.

मी शिकायला पुण्यात आलो त्या दिवशी आमच्या अण्णांनी मला स्टँडजवळच्या एका खाणावळीत नेलं होतं. वाढपी चौथी चपाती घेऊन आला, तेव्हा मी लाजून ताटावर हात आडवा धरला. अण्णा म्हणाले, "घे. पैसे ताटाचे दिलेत, चपातीचे नाहीत." स्वारगेट आणि टिळक रोडच्या खाणावळी कशावर चालतात, हे मला त्या एका वाक्यात कळलं.

स्वारगेटहून टिळक रोडने अलका चौकाकडे निघालं की बादशाही बोर्डिंग लागतं. 1930च्या दशकापासूनची ही खाणावळ. नाव सांगायचं, बाहेर थांबायचं, हाक आली की आत जायचं, आणि बसल्यावर पोट भरेपर्यंत वाढून घ्यायचं. चपाती, भाजी, आमटी, भात, ताक. दाखवण्यासारखं यात काही नाही, आणि म्हणूनच लोक येतात. 1916 साली सुरू झालेलं स. प. महाविद्यालय याच रस्त्यावर आहे. घर सोडून आलेल्या मुलांना आईच्या हातचं नाही तरी निदान घरच्यासारखं आणि भूक भागेल इतकं अन्न हवं असतं. ती गरज या भागाने पिढ्यानपिढ्या भागवली आहे.

अशा खाणावळींची भाषाही वेगळी. महिन्याचे पैसे भरणारा तो मेंबर, एका वेळेपुरता आला तो गेस्ट. गावी जायचं असेल तर आधी सांगून खाडा लावायचा, म्हणजे तेवढ्या जेवणांचे पैसे वळते होतात. रविवारी फीस्ट आणि त्या रात्री खाणावळ बंद. फीस्टला गोडाची वाटी मोजून मिळे, पण पुऱ्यांना हिशेब नसे. रात्रीची सोय म्हणून आम्ही दुपारीच जेवून घ्यायचो.

अशा खाणावळी रुळण्याआधी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. 1909 साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहातली, मुलं माधुकरी मागत. त्या अन्नाने कितीतरी माणसं घडली, हे खरंच. पण वाराच्या घरी आणखी एक पोळी मागायला जीभ उचलत नसणार. खाणावळीत दारातच पैसे दिलेले असतात, त्यामुळे तिथे मान वर करून मागता येतं. भरलेल्या ताटाइतकंच मला या मोकळेपणाचं मोल वाटतं.

मालकाला हे परवडतं कसं? चौघांतला एकजण आडवा हात मारतो, दोघं बेताचं जेवतात, एक उन्हाने कावलेला असतो आणि ताकावर उठतो. दर काढायचा तो या सरासरीवर. डाळ, भात, चपाती सढळ, कारण ती त्या मानाने स्वस्त. गोड, पापड आणि एखादी महाग भाजी मोजून. वाट्या लहान, पण वाढपी पुन्हा पुन्हा फिरणारा. खरा तोटा जास्त खाणाऱ्यामुळे होत नाही, टाकणाऱ्यामुळे होतो.

भुकेचं माप सगळ्यांचं सारखं नसतं, याचा सर्वांत मोठा पुरावा स्वारगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रोज दिसतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 2110 किलोकॅलरी लागतात, अंगमेहनत करणाऱ्याला 3470. फरक 1360चा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी साधारण साडेतीनशेच्या आसपास धरली, तर टेबलावर बसणाऱ्यापेक्षा हमालाला दिवसाला चार मोठ्या भाकरी जास्त लागतात. हमालांनी एकेकाळी शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली आहेत. एका माणसाच्या पाठीवरचं ओझं 55 किलोपेक्षा जास्त नसावं, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली केली होती. पन्नास किलोच्या पोत्यासाठी इथल्या हमालांना पुढे कितीतरी वर्षं झगडावं लागलं.

त्याच हमालांच्या संघटनेने, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने, 1974 साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. आता मार्केट यार्डात असलेला धान्यबाजार तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेत होता. ना नफा ना तोटा या तत्त्वावर भाकरी-भाजी, तीही घामाच्या पैशातून विकत घ्यायची. फुकट नाही, हे त्या नावातच आहे. सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर 1995 साली आली आणि पुढे गुंडाळली गेली. 'कष्टाची भाकर' मात्र टिकली. खाणाऱ्यांनी स्वतः उभं केलेलं स्वयंपाकघर असल्यामुळेच ती टिकली, असं माझं मत आहे.

26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी मिळू लागली. तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. एकूण 410 ग्रॅम. सरकारी पैशाला वजनकाटा लागणारच, आणि उपाशी माणसाला ही थाळी फार मोठा आधार आहे. पण पोतं उतरवून आलेल्या माणसाचं त्यात भागत नाही.

पुढच्याच वर्षी वडगाव मावळच्या एका हॉटेलाने बुलेट थाळी काढली. सुमारे चार किलोचं मांसाहारी ताट तासाभरात एकट्याने संपवलं तर बुलेट मोटारसायकल बक्षीस. देशभर गाजलं. शिवभोजनाच्या जवळजवळ दहापट अन्न एका माणसापुढे. मला ते ताट बघवलं नाही. भरपूर वाढणं मला प्रिय आहे, पण ते भूक बघून वाढलेलं असावं.

29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो जमिनीखालून स्वारगेटला येते. पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली मुलं सरकत्या जिन्याने वर येतात आणि त्यांतली बरीच ताटापेक्षा प्लेटच मागतात. परवा दुपारी मी स्टँडजवळच जेवत होतो. समोर एक आजोबा बसले होते, पायाशी गाठोडं, शेजारी दहा-अकरा वर्षांची नात. तिने दोन चपात्यांवर हात आखडला.

"बाळा, भात घे," वाढपी म्हणाला.

तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी स्वतःच्या ताटातलं वरण तिच्या बाजूला सरकवलं आणि वाढप्याला म्हणाले, "वाढा. कोल्हापूरपर्यंत जायचंय."