ट्रॅक्टरचा लोडर मंदावल्यास

हिंगणघाटकडे शेणखत व गाळाची माती भरण्यासाठीं ज्यांनीं जुन्या ट्रॅक्टरास लोडर बसविला असेल, त्यांस तो केव्हांना केव्हां मंदावलेला दिसेलच. अशा वेळीं रिलीफ व्हॉल्व्ह आवळूं नये. दाब मर्यादेबाहेर जाऊन नळी फुटते वा पंप निकामी होतो. हिशेब जुळेना म्हणजे आम्ही कारकून आधीं बेरीज तपाशीत असूं. तद्वत् येथें आधीं तेल पाहावें. बकेट जमिनीस टेकवून पातळी मोजावी. तेलास फेंस असल्यास बहुधा शोषणनळीच्या सांध्यांतून हवा शिरते. तें दुधाळ असल्यास पाणी मिसळलें आहे. नंतर गाळणी पाहावी. सकाळीं उचल ठीक, पण दुपारीं तेल तापून पातळ होतांच मंद, तर पंप झिजल्याचा संशय घ्यावा. उचललेला भार आपोआप उतरत असल्यास दोष बहुधा सिलिंडरच्या सीलचा किंवा हातव्हॉल्व्हचा असतो.

गळती मात्र हातानें कदापि चाचपूं नये. सुईएवढ्या छिद्रांतून सुटलेलें तेल कातडींत शिरतें. जखम क्षुल्लक दिसते, परंतु बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. पुठ्ठा धरून पाहावें. तेल शिरलेंच तर दुखण्याची वाट न पाहतां तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें. सांधा सोडण्यापूर्वीं बकेट खालीं टेकवावी, इंजिन बंद करावें व दांडा पुढेंमागें हालवून नळ्यांतील दाब उतरवावा.