एक्सेल शीट खाडीत बुडाली, त्याची गोष्ट

"सगळं प्लॅन्ड आहे बाबा. तुम्ही फक्त बसायचं!"

शनिवारी पहाटे साडेपाचला गाडीची डिकी लावताना मी हे वाक्य ठसक्यात टाकलं. मार्चमधला लाँग वीकेण्ड. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, हरिहरेश्वर. दोन रात्री एसी रूम आणि सोमवारी आल्या वाटेने घरी. माझ्या एक्सेल शीटमध्ये चहाचा ब्रेकसुद्धा पंधरा मिनिटांचा होता. रोज डेडलाइनवर जगलं की सुट्टीही तशीच आखायची सवय लागते. तुमचंही असंच होत असणार, खोटं बोलू नका!

पण यावेळी शीट इतकी टाइट असायला एक खरं कारण होतं. आठ महिन्यांपूर्वी बाबांची ॲन्जिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी काही आठवड्यांनी गाडी चालवायला परवानगी दिली, तरी बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. आम्हीही कधी "चालवा" म्हटलं नाही. ज्या बाबांनी आम्हाला गाडीतून निम्मा महाराष्ट्र दाखवला, ते आता डावीकडच्या सीटवर औषधांची डबी घेऊन गप्प बसायचे. आणि आम्ही तिघं त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपायचो.

"ताई, बुकिंग पुढच्या शनिवारचं आहे"

हरिहरेश्वरला रिसेप्शनवरचा मुलगा हे वाक्य अगदी नम्रपणे म्हणाला. मी मेल उघडून पाहिला. चूक शंभर टक्के माझी. गावात चार ठिकाणी विचारलं, सगळीकडे हाऊसफुल्ल. भाऊ हसू दाबत होता आणि आई "तरी मी म्हणत होते"च्या तयारीत होती.

"परत फिरू या का?" मी विचारलं.

"बागमांडल्याहून फेरी आहे," बाबा एकदम म्हणाले. "पलीकडे वेळास. नाना फडणवीसांचं गाव. कधीचं बघायचं राहिलंय."

आठ महिन्यांत त्यांनी स्वतःहून सुचवलेली ही पहिलीच गोष्ट. नाही म्हणायची कुणाची हिंमत होती?

बागमांडला हरिहरेश्वरपासून अगदी जवळ. सावित्रीच्या खाडीवर फेरीबोट आहे, गाडीसकट चढायचं आणि पलीकडे वेसवीला उतरायचं. रस्त्याने जायचं तर खाडीला भलामोठा वळसा पडतो. एक्सेल शीट तिथेच पाण्यात बुडाली!

आंब्याखाली बिऱ्हाड

वेळासलाही घरं पाहुण्यांनी भरलेली. एका घरच्या काकू म्हणाल्या, "खोली नाही, पण परसदार मोकळं आहे. चालेल?"

आता आठवण झाली डिकीतल्या तंबूची. ट्रेकसाठी म्हणून सेलमध्ये घेतलेला चार माणसांचा टेण्ट दीड वर्षं पॅकबंद पडून होता. मी तो ऐटीत दोन माडांच्या मधे पसरला. काकू ओरडल्या, "माडाखाली नको गं, नारळ पडला तर डोकं फुटेल. आंब्याखाली लाव." आंब्याखाली जांभा. खुंटी अर्धा इंचही आत जाईना. भाऊ व्हिडिओ बघून सल्ले देत होता, मी घामाघूम.

बाबा उठले, काकूंकडून गुरांचं दावं मागून आणलं आणि चारही कोपरे दगडांना आणि झाडाला बांधून टाकले. "एनसीसीत काय फक्त परेड करायचो?"

"अहो, वजन उचलू नका," आई म्हणाली.

"दोरी बांधतोय, पोतं नाही उचलत." कितीतरी दिवसांनी आमच्या घरात असं भांडण झालं. इतकं बरं वाटलं!

सकाळी सहाला किनाऱ्यावर. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची, कोल्हे-कुत्रे उकरायचे. 2002 पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती वाचवायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात, मग ती वाळूवर सोडतात. पुढचं अंतर ती स्वतः चालतात. हात लावायचा नाही, उचलून पाण्यात टाकायचं नाही.

त्या सकाळी सात पिल्लं होती. एक लाटेने दोनदा मागे फेकलं गेलं. "अरे, मदत करा की कुणीतरी," मी पुटपुटले. बाबा म्हणाले, "राहू दे. चालू दे त्याला."

मी कासवाकडेच बघत राहिले.

लाल डब्याच्या मागे

खरं तर आता परतायचं. पण ते वाक्य कुणीच काढेना. मग केळशी, आंजर्ले, हर्णै. वाटेत मोबाइलची रेंज गेली, मॅप गोठला आणि एका फाट्यावर आम्ही चुकलो. "एसटीची पाटी वाच," बाबा म्हणाले. "लाल डबा जातो तो रस्ता कुठेतरी पोचतोच." पोचलो! हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघितला, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि दापोलीमार्गे दाभोळला. वाशिष्ठीच्या मुखाशी दुसरी फेरी, पलीकडे धोपावे.

इथे माझी फाटली. धक्क्याचा उतार, मागे गाड्यांची रांग, आणि बोटीवरचे मामा म्हणाले, "रिव्हर्समध्ये घ्या!" उतारावरून, रिव्हर्समध्ये, पाण्याच्या दिशेने. माझा पाय क्लचवर थरथरायला लागला. दोनदा गाडी बंद पडली.

"उतर," बाबा म्हणाले. "मी घेतो."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. भाऊ पहिल्यांदाच गप्प. बाबांनी सीट मागे सरकवली, आरसा नीट केला आणि एका दमात गाडी बोटीवर लावली. मामांनी अंगठा दाखवला. पुढे धोपाव्यापासून गुहागरपर्यंत बाबांनी किल्ली सोडली नाही. आम्हीही मागितली नाही.

गुहागरला एका ओळखीच्या ओळखीने वाडीत जागा मिळाली. रात्री तंबूच्या तोंडाशी चौघं बसलो होतो. मी विचारलंच, "बाबा, एवढे दिवस का नाही चालवलीत?"

"भीती वाटायची. माझी नाही. चालवता चालवता काही झालं तर? तुम्ही तिघं गाडीत."

आम्हाला वाटत होतं, आम्ही त्यांना जपतोय. ते आम्हाला जपत होते. आठ महिने एका घरात राहून हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. एसी रूममध्ये टीव्ही लावून झोपलो असतो तर त्याही रात्री विचारलं नसतं.

सोमवारी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज करत पुणे. घाट बाबांनी चढवला, पाटणनंतर गाडी माझ्याकडे. "दोन तासांनी बदलायचं," असा नवा नियम झालाय. शीटमध्ये तेवढाच एक कॉलम शिल्लक आहे.

तुम्हीही निघताय?

• कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दिसतात. दिसतीलच याची गॅरंटी नाही, आधी गावात फोन करून विचारा.
• फेरीच्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर विचारून ठेवा. ती चुकली की लांबचा वळसा!
• तंबू जागामालकाला विचारूनच लावा. भरतीची रेषा आणि माड, दोन्हींपासून लांब.
• वाळूत खुंटी टिकत नाही. पिशवीत वाळू भरून दोरीला बांधा आणि पुरा.
• तंबूची जाळी उघडी ठेवा, नाहीतर पहाटे आतूनच पाणी टपकतं.
• घरात हृदयाचे पेशंट असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, औषधं दोन दिवस जास्तीची घ्या.
• आणि बुकिंगची तारीख दोनदा तपासा. किंवा नका तपासू!