सातबाऱ्यावर अजून वडीलच आहेत

२०२५ च्या सप्टेंबरात मांजरा नदीला पूर आला आणि आमचे तीन एकर सोयाबीन पाण्याखाली गेले. धाकटा भाऊ गावी राहून शेती कसतो. मी मुंबईत नोकरीला. त्याचा फोन आला, "दादा, पंचनामा झाला, पण यादीत नाव अण्णांचं आहे."

अण्णा जाऊन नऊ वर्षे झाली होती. आम्ही दोघे भाऊ, दोन बहिणी आणि आई. वारस नोंद करायला एकालाही सवड झाली नव्हती. मी दिवसभर कचेरीत दुसऱ्यांचे कागद तपासतो, घरचा कागद मात्र तसाच राहिला. दोष कुणाला द्यायचा? आमचाच.

याच लातूर जिल्ह्याच्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आणि २०२५ मध्ये पूर! कोरडवाहू शेतकऱ्याला आता दोन्ही संकटे धरूनच चालावे लागते.

जरा हिशेब करू. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले तर कोरडवाहू पिकाला २०२५ मध्ये हेक्टरी ८,५०० रुपये मदत होती. तीन एकर म्हणजे साधारण १.२० हेक्टर, म्हणजे १०,२०० रुपये. त्या वर्षी रब्बीच्या बी-खतासाठी राज्य सरकारने हेक्टरी आणखी १०,००० रुपये जाहीर केले, त्याचे १२,०००. एकूण २२,२०० रुपये. नुकसानीच्या मानाने रक्कम थोडी. पण वेळेवर हाती आली तर हरभरा पेरायला सावकाराची पायरी चढावी लागत नाही.

१९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. दुखणे केवळ तुकडा लहान असण्यात नाही, त्यावर लावायला भांडवल आणि अवजारे नाहीत यात आहे, असे त्यांनी दाखवले. पुरानंतर लागते ते हेच भांडवल, आणि ते एका कागदापायी अडते.

आपल्या पुष्कळ घरांची जमीन जुन्या वतनाची. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, पण हिस्से वाटले गेले नाहीत. एकाच सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे आणि त्यांतली निम्मी माणसे हयात नाहीत, असे उतारे मी स्वतः पाहिले आहेत.

म्हणून पाऊस येण्याआधी ही कामे करावीत :

पहिले, वारस नोंद. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हरकतींची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. याच कामासाठी शासनाने एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. अर्जात आईचे व बहिणींचे नाव गाळू नका. वारसा कायद्याने त्यांचा हक्क मुलांइतकाच आहे.

दुसरे, संमतीपत्र. सामाईक जमिनीची मदत कसणाऱ्या भावाच्या खात्यावर जावी, असे बाकीच्यांनी लिहून द्यावे. शहरातले भाऊ याला घाबरतात. पण संमतीपत्र म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. त्याने हिस्सा जात नाही. कागद वाचून मगच सही करा.

तिसरे, दर हंगामात मोबाईलवर ई-पीक पाहणी करून उभे पीक नोंदवावे आणि शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवावा. एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. तेव्हापासून हप्ता भरावा लागतो, म्हणून शेवटची तारीख आधीच विचारून घ्यावी.

हाच कागद दुष्काळातही उपयोगी पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध शेतकऱ्यांना नव्या विहिरीसाठी अनुदान मिळते. २०२४ मध्ये ते अडीच लाखांवरून ४ लाखांपर्यंत वाढले. पण सातबारा अर्जदाराच्या नावाचा लागतो. मेलेल्या बापाच्या नावावर विहीर मिळत नाही.

आमचा फेरफार मंजूर झाला तोवर हरभऱ्याची पेरणी उलटून गेली होती. भावाने उसनवारीने बी आणून पेरले. तो मला एका शब्दाने बोलला नाही, हेच जास्त लागले. आता उताऱ्यावर आईसह आम्हा पाचही जणांची नावे आहेत.

बंधुभगिनींनो, जयंतीला, लग्नसराईला आपण गावी जातोच. या खेपेला एक दिवस जास्त राहा. सातबारा काढा, घरच्यांना जवळ बसवा आणि त्यावरची नावे मोठ्याने वाचा. ज्याचे नाव वाचल्यावर "हजर" म्हणणारे कुणी नसेल, तिथून कामाला लागा.