खर्चाची दुसरी वही

विधानसभेचा उमेदवारी अर्ज दाखल झाला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून उमेदवाराला एक नोंदवही मिळते. पानांवर क्रमांक असतात, त्यामुळे मधलं पान फाडता येत नाही. वहीचे भाग तीन आणि रंगही तीन. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी पानं रोख रकमेची, पिवळी पानं बँकेची. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार अर्ज भरल्याच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून, निवडणुकीसाठी झालेला सगळा खर्च उमेदवाराने स्वतंत्रपणे आणि अचूक लिहून ठेवायचा असतो. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराचा खर्च प्रतिनिधी म्हणून ही वही माझ्याकडे आली. बँकेतल्या नोकरीत आकड्यांशी जन्मभर संबंध आला होता. पण इतक्या लोकांच्या नजरेखाली लिहिला जाणारा हिशेब मी पहिल्यांदाच लिहीत होतो.

पांढऱ्या पानावरची एक ओळ म्हणजे एका खर्चाची पूर्ण हकिगत. तारीख, कशावर खर्च, नग किती, दर काय, एकूण किती, बिलाचा क्रमांक. त्यापुढचे रकाने सगळ्यात महत्त्वाचे असतात. हा पैसा कोणी दिला? उमेदवाराने स्वतः, पक्षाने, की आणखी कुणी? ‘आणखी कुणी’ असेल तर त्याचं नाव लिहावं लागतं. राजकारणातला पैसा येतो कुठून, हा प्रश्न आपण चहाच्या टपरीवर विचारतो. इथे तो सरकारी छापील वहीत विचारलेला असतो आणि उत्तराखाली सही लागते.

पैशाची वाटही आखून दिलेली आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं, त्याचा क्रमांक अर्जासोबत लेखी द्यायचा आणि सगळा पैसा त्याच खात्यातून फिरवायचा. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा एका दुकानाला मिळून दहा हजार रुपयांपर्यंतच रोख देता येतात. त्यापुढे धनादेश किंवा ऑनलाइन. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा जानेवारी २०२२ पासून ४० लाख रुपये आहे, शेजारच्या गोव्यात २८ लाख. लोकसभेसाठी हेच आकडे ९५ लाख आणि ७५ लाख असे आहेत.

अपक्षाच्या वहीची सुरुवात संथ असते. अर्ज माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि चिन्ह हाती पडलं, तेव्हा कुठे छापखान्याकडे जाता आलं. चिन्हाशिवाय पत्रक छापून उपयोग काय? प्रचार १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी थांबणार होता. मधल्या दोन आठवड्यांत पत्रकं, रिक्षावरचा भोंगा, गावोगाव फिरणाऱ्या गाड्या, कोपरा सभा, उपरणी, मतदान केंद्राबाहेरचे बूथ हे सगळं त्या वहीतून गेलं. मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना चिन्ह आधीपासून ठाऊक असतं. त्यांची छपाई आधीच झालेली असते. अर्जाआधी छापलेलं साहित्य अर्जानंतर वाटलं तर त्याचा खर्चही वहीत धरावा लागतो.

दिवसभर कार्यकर्ते हिंडत आणि रात्री कार्यालयात बिलं जमा होत. पेट्रोल पंपाच्या पावत्या, हारवाल्याच्या चिठ्ठ्या, कुणाच्या खिशात घडी होऊन राहिलेलं नाश्त्याचं बिल. मी नियम केला होता की ज्या दिवसाचा खर्च त्या दिवशीच उतरायचा. मांडववाल्याने पहिल्याच सभेनंतर सरळ विचारलं, “काका, बिल किती रुपयांचं करू?”

“जेवढं लावलंस तेवढ्याचं,” मी म्हणालो.

त्याला नवल वाटलं. त्याच्या बोलण्यावरून कळलं की हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारतो आणि उत्तर बहुधा वेगळं येतं.

सगळ्यात जास्त समजूत काढावी लागते ती फुकट मिळालेल्या गोष्टींबाबत. एका गावात उमेदवाराच्या स्वागताला जेसीबी उभा केला होता. वरून फुलं उधळायची होती. जेसीबी एका समर्थकाच्या स्वतःच्या मालकीचा. “अहो काका, माझंच मशीन, माझंच डिझेल. भाडं कसलं लिहिता?” तो माझ्यावर थोडा रागावलाच. पण मित्राने विनामूल्य दिलेली वस्तूही दराप्रमाणे खर्चात धरावी लागते, आणि देणाऱ्याच्या रकान्यात त्या मित्राचं नाव येतं. तसं नसतं तर चाळीस लाखांच्या मर्यादेला अर्थच उरला नसता. प्रत्येक धनाढ्य उमेदवाराचे मांडव, गाड्या आणि जेवणावळी मित्रांच्या नावावर फुकट झाल्या असत्या. मी हे समजावलं तेव्हा तो गप्प झाला आणि म्हणाला, “मग माझं नाव नीट लिहा.” त्या स्वागताची नोंद त्याच्या नावानिशी वहीत आहे.

आपण लिहितो ती वही पहिली. दुसरी वही प्रशासन लिहीत असतं. कार्यालयात तिला सगळे ‘शॅडो रजिस्टर’ म्हणतात. प्रत्येक उमेदवारामागे लेखा पथकाकडे असं एक रजिस्टर असतं आणि पुराव्यांची एक फाईल असते. त्याला खाद्य पुरवतात ती चित्रीकरण पथकं. सभा सुरू होण्याआधी पथकातला कर्मचारी कॅमेरा चालू करून स्वतःच्या आवाजात सांगतो: अमुक उमेदवार, अमुक ठिकाण, तारीख, वेळ. मग व्यासपीठाचा आकार, खुर्च्यांचा अंदाज, कमानी, झेंडे, ध्वनिक्षेपक, उभ्या गाड्यांचे क्रमांक. भाषणात काय म्हटलं गेलं यापेक्षा खुर्च्या कशा प्रकारच्या होत्या याची नोंद त्याला महत्त्वाची. त्या चित्रफिती दुसरं पथक बसून पाहतं, वस्तू मोजतं आणि लेखा पथकाकडे यादी पाठवतं. लेखा पथक त्यापुढे दर लिहितं.

हे दर जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, राजकीय पक्षांशी चर्चा करून ठरवतात. त्या दरसूचीत चहा, वडापाव, जेवणाचं ताट, प्लॅस्टिकची खुर्ची, गादीची खुर्ची, ढोलताशा, फटाके, फेटे, जीप, रिक्षा असं सगळं असतं. मराठी निवडणुकीचा इतका तपशीलवार आराखडा मी दुसऱ्या कुठल्याच कागदात पाहिलेला नाही. प्रचारात काय काय लागतं, माणसं कशाने जमवली जातात, ती किती वेळ थांबली तर खायला काय द्यावं लागतं, हे सगळं त्या यादीतून कळतं.

पत्रकांचीही अशीच दुहेरी नोंद होते. कलम १२७-अ प्रमाणे प्रत्येक पत्रकाच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाचं प्रतिज्ञापत्र आणि छापलेली प्रत छापखान्याने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवायची. त्यामुळे वहीतल्या आकड्याला बाहेरचा साक्षीदार मिळतो. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि बातमीच्या रूपात छापलेला प्रचार यांवर माध्यम समितीची नजर असते.

प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा दोन्ही वह्या एका टेबलावर येतात. समोर खर्च निरीक्षक असतात. हे बहुधा भारतीय महसूल सेवेतले, प्राप्तिकर किंवा सीमाशुल्क विभागातले, बाहेरच्या राज्यातून आलेले अधिकारी. त्यांच्या बाजूला सहायक निरीक्षक आणि लेखा पथकातले कर्मचारी. हे कर्मचारी एरवी कोषागारात, सहकार खात्यात किंवा स्थानिक निधी लेखापरीक्षणात काम करणारे. एक जण आमच्या वहीतली नोंद वाचतो, दुसरा शॅडो रजिस्टरमधली. जुळली की पेन्सिलीची खूण. जेसीबीची नोंद दोन्हीकडे सारखी निघाली. एका सभेच्या खुर्च्या मात्र जुळेनात. आमच्याकडे मांडववाल्याच्या बिलाप्रमाणे होत्या, त्यांच्याकडे त्याहून बऱ्याच जास्त. उरलेल्या खुर्च्या शेजारच्या मंगल कार्यालयाने बिनभाड्याने दिल्या होत्या. निरीक्षकांनी शांतपणे सांगितलं की मैदानात मांडलेली खुर्ची मोजली जाते, मालक कोण हा प्रश्न पुढच्या रकान्यातला. आम्ही जागेवरच नोंद वाढवली. मोठी तफावत असेल तर नोटीस निघते आणि उमेदवाराला ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. वही तपासणीला आणलीच नाही, तर प्रचाराच्या गाड्यांची परवानगीही काढून घेता येते.

त्या टेबलाशी बसल्यावर ही व्यवस्था किती कसोशीने बांधलेली आहे ते दिसतं. तिला काय दिसत नाही, तेही तिथेच कळतं. अर्ज भरण्यापूर्वी वर्षभर लागलेले वाढदिवसाचे फलक आणि गावागावांतले कार्यक्रम या वहीत नाहीत. रात्री अंधारात हातोहात गेलेल्या पाकिटाचं बिल नसतं. त्यासाठी नाक्यांवर स्थिर पथकं आणि फिरती भरारी पथकं असतात, पण त्यांच्या हाती लागेल तेवढंच सापडतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उमेदवाराला मर्यादा आहे, त्याच्या पक्षाला नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या चाळीस स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही. उमेदवार त्यांच्यासोबत व्यासपीठावर बसला तर सभेच्या खर्चातला वाटा मात्र त्याच्याकडे येतो. पक्षाने विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आपलं खर्चाचं विवरण निवडणूक आयोगाला द्यायचं असतं. पण तिथे ओलांडायची रेषाच आखलेली नाही.

ही फट नकळत राहिलेली नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीतल्या निवडणूक खटल्यात म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्या संमतीने झाला असेल, तर तो त्याच्याच खर्चात धरायला हवा. काही दिवसांतच वटहुकूम निघाला, कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडलं गेलं आणि पक्षाचा व मित्रांचा खर्च मर्यादेच्या बाहेर गेला. २००३ च्या दुरुस्तीने ती सूट नेत्यांच्या प्रवासापुरती आकसली. माझ्या वहीतला ‘आणखी कुणी’चा रकाना त्यानंतरच खऱ्या अर्थाने कामाचा झाला. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा प्रश्न मात्र आजही तसाच आहे.

हिशेब खरा आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार आयोगाला आहे का, हा वाद महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. २००९ च्या भोकर मतदारसंघातल्या निवडणुकीवरून पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन बातमीच्या रूपात छापून आणलेल्या प्रचाराचा, आक्षेप आला होता. उमेदवाराने हिशेब ठरल्या नमुन्यात आणि वेळेत दिला एवढंच आयोगाने पाहावं, की त्यातला मजकूरही तपासावा? मे २०१४ मध्ये अशोक चव्हाण विरुद्ध माधवराव किन्हाळकर या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की मजकुराची सत्यता तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. पुढे आयोगाने चव्हाणांविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. तत्त्व मात्र कायम राहिलं. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल आयोगाने कलम १०-अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला, आमच्या उमेदवार हरल्या आणि कार्यालय एका संध्याकाळी रिकामं झालं. हिशेबाचं काम मात्र तिथून पुढे खरं वाढतं. निकालापासून ३० दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा: मूळ वही, सगळी बिलं, बँकेचं विवरण, गोषवारा आणि शपथपत्र. त्याआधी ताळमेळ बैठक होते. शॅडो रजिस्टरशी राहिलेले फरक तिथे मिटवायचे किंवा लेखी कारण द्यायचं. हरलेल्या उमेदवारांना या कामात रस उरत नाही, आणि नेमके तेच अडकतात. हिशेब न दिल्यामुळे होणारी तीन वर्षांची अपात्रता पडलेल्यालाही लागू असते. मी आमच्या उमेदवाराला म्हटलं होतं, “ताई, मतं कमी पडली ती लोकांची मर्जी. हिशेब पूर्ण देणं आपल्या हातात आहे.” त्यांनी प्रत्येक पानावर वाचून सही केली.

यानंतरचं काम मतदाराचं आहे आणि ते फार थोडे लोक करतात. निवडणूक नियम, १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणीही, कुठल्याही उमेदवाराचा हिशेब पाहू शकतो. वेगळं शुल्क भरून साक्षांकित प्रतही मागू शकतो. जिल्ह्याच्या संकेतस्थळावरही हे हिशेब ठेवले जातात. एकूण आकडा बघून परत फिरू नका. आपल्या गावातली सभा आठवा आणि त्या तारखेची ओळ शोधा. खुर्च्या किती लिहिल्यात, गाड्या किती, जेवणाची ताटं किती. पैसा कोणी दिला तो रकाना वाचा. ज्यांची नावं तिथे आहेत, त्यांना पुढच्या पाच वर्षांत कोणती कंत्राटं मिळतात हे लक्षात ठेवा. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या उमेदवारांवरही खर्चमर्यादेचं आणि हिशेब देण्याचं बंधन आहे. तिथला उमेदवार तर आपल्या गल्लीतला, त्याचा हिशेब आपल्याला जास्त चांगला वाचता येईल.

तालुक्याच्या महाविद्यालयातल्या वाणिज्य शाखेच्या मुलांनी आपल्या आमदाराचा हिशेब एकदा बसून तपासला, तर लेखापरीक्षण आणि नागरिकशास्त्र दोन्ही शिकून होईल. पक्षांच्या खर्चालाही मर्यादा हवी, ही मागणी मी तितक्याच आग्रहाने करतो. १९७४ पासून ती अपूर्ण आहे. पण कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. मांडववाल्याने मला ‘बिल किती रुपयांचं करू’ असं विचारलं, कारण ते बिल पुढे कुणी वाचेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. लोक हिशेब वाचू लागले की उमेदवार तो जपून लिहू लागतील. म्हणून पुढच्या निकालानंतर महिन्याभराने जिल्हाधिकारी कार्यालयात जा आणि आपल्या मतदारसंघाचा हिशेब मागा.