पाच पाकळ्यांचा विषाणू

यवतमाळकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. वेचणीच्या दिवसांत बोंडांची वाळलेली टोकं बायांची बोटं ओरखडत राहतात. अशाच एखाद्या बारीक ओरखड्यातून विषाणू कातडीत शिरतो आणि काही महिन्यांनी बोटावर चामखीळ उगवते. ती पाडायला घोड्याचा केस बांधायचा, हा उपाय आजीपासून चालत आलेला. चामखीळ उठवणारा हा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही.

त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी. घात करतात ते प्रामुख्याने १६ आणि १८ क्रमांकाचे. हे शरीरसंबंधातून येतात. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग या दोघांमुळे होतात. हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन संशोधकाने १९८३-८४मध्ये हे दोन्ही प्रकार या कर्करोगाच्या गाठींत शोधून दाखवले. २००८मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

विषाणूचा व्यास अवघा ५५ नॅनोमीटर. कापसाच्या एका तंतूच्या रुंदीवर असे तीनेकशे विषाणू शेजारी शेजारी बसतील. पऱ्हाटीच्या फुलाला पाच पाकळ्या असतात, तशीच याच्या कवचाची घडण आहे. एल-वन नावाच्या प्रथिनाचे पाच-पाच रेणू एकत्र येऊन एकेक फूल होतं. अशी ७२ फुलं, म्हणजे ३६० पाकळ्या, एकमेकींत गुंतून गोलसर कवच तयार होतं. आत डीएनएची बंद माळ, जेमतेम ८,००० अक्षरांची. एवढ्याशा मजकुरावर त्याचा सारा संसार चालतो.

तो चालतो कसा, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं. आपली त्वचा पापुद्र्यांची असते. तळाच्या थरात नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि शेवटी झडून पडतात. एचपीव्ही ओरखड्यातून थेट तळाच्या पेशीत जातो आणि तिथे गुपचूप राहतो. पेशी वर सरकू लागली की तिच्यासोबत तोही सरकतो. नवं कवच विणतो ते वरच्या थरात पोचल्यावरच. पेशी झडते, तिच्यासोबत विषाणू बाहेर. तो पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही. म्हणून ताप नाही, दुखणं नाही, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना उशिरापर्यंत पत्ता नाही.

तरी बहुतेक बायांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला हुसकावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यात त्याची ई-सिक्स आणि ई-सेव्हन ही दोन प्रथिनं पेशीची वाढ आवरणाऱ्या यंत्रणा मोडत राहतात. तिथून कर्करोगापर्यंत सहसा १५ ते २० वर्षं लागतात. ही सगळी वर्षं आपल्या हातात असतात.

याचा पुरावा शेजारच्या मराठवाड्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास केला. एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली. आठ वर्षांत त्या गटात या कर्करोगाने ३४ बाया दगावल्या. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न झालेल्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. गावं आपल्यासारखीच, शेतात राबणाऱ्या बायांची.

आणि लस? एल-वनच्या पाकळ्या डीएनए नसतानाही आपोआप जुळतात. तेच रिकामं कवच टोचायचं. शरीर ते ओळखायला शिकतं आणि आजार होण्याचा प्रश्नच नसतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस यीस्टमध्ये वाढवलेल्या अशाच कवचांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये एक डोसही पुरेसा ठरू शकतो, असं मान्य केलं.

वणी असो, पुसद असो की झरी-जामणी; अंगावरून पांढरं जातं, संबंधानंतर रक्त दिसतं, ही या आजाराची लक्षणं असू शकतात, पण बाई हे जावेलाही सांगत नाही. तर वाचणाऱ्या ताई, वय तिशीपुढे असेल तर तक्रार नसली तरी आशाताईला विचारून गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर लसीचं डॉक्टरांना विचारा. वेचणी संपायची वाट पाहू नका.